विद्यार्थी माहिती संकलन (महाराष्ट्र)

विद्यार्थी माहिती संकलन म्हणजे शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींची व्यक्तिगत व शैक्षणिक माहिती संगणकीय प्रणालीत नोंदवून साठवणे होय. महाराष्ट्रात यासाठी इ.स. २०१५ पासून 'सरल' ही प्रणाली वापरात आली. केंद्र शासनाची 'यू-डायस प्लस' ही प्रणाली तिच्या जोडीला आहे. नाव, जन्मतारीख, जात, धर्म, आधार क्रमांक अशा नोंदी शिक्षकांनाच भराव्या लागतात.

पार्श्वभूमी

हजेरीपट व जनरल रजिस्टर पूर्वीही होते, परंतु ते शाळेच्या कपाटात राहत. ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणीत अनेक शाळांचा पट केवळ कागदोपत्री फुगवलेला आढळला. पटसंख्येवर शिक्षकांची पदे व अनुदान ठरत असल्याने संगणकीय नोंदीची निकड खरी होती. तिचा पहिला लाभ अर्थातच शासनाच्या तिजोरीला झाला. पुढे संचमान्यतेसाठी आधार वैध ठरलेले विद्यार्थीच धरले जाऊ लागले. त्यामुळे नावातील एखाद्या वेलांटीच्या फरकानेही वर्गात प्रत्यक्ष बसलेले मूल पटाबाहेर राहू शकते.

शैक्षणिक ॲप

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. त्यांना २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला. छापील कोड स्वतः कोणाचीही माहिती घेत नाही. नोंद होते ती तो उघडणाऱ्या ॲपमध्ये. पाठ्यपुस्तकांतील कोड ज्यावर उघडतात, ते 'दीक्षा' हे शासकीय व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. त्याचे ॲप मुलांचे अचूक ठिकाण टिपते आणि जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक गूगलकडे पाठवते, असे ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ च्या अहवालात नमूद केले. जानेवारी २०२३ मध्ये याच व्यासपीठाची लाखो शिक्षक-विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षित सर्व्हरवर उघडी पडल्याचे वृत्त 'वायर्ड' नियतकालिकाने दिले. विनामूल्य सेवेची किंमत येथे मुलांनी, तीही नकळत, मोजली.

कायदेशीर स्थिती

शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली असून मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींना मनाई आहे. 'अपार' या बारा अंकी विद्यार्थी क्रमांकासाठीही पालकांचे संमतिपत्र घेतले जाते. ही संमती मागे घेता येते. तोवर वापरली गेलेली माहिती मात्र त्यातून सुटत नाही.