गाळ्याचे भाडे आणि बँकेचे व्याज

आम्हा शेतीखात्याच्या माणसांना दुकानगाळ्यातले काय कळते, असे कोणी म्हणेल. पण अलीकडे गावोगावच्या बैठकीत खतांच्या मात्रेबरोबर हाही प्रश्न हमखास निघतो. कोणाला महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळालेला असतो, कोणाचे द्राक्षाचे दोन हंगाम बरे गेलेले असतात, आणि तालुक्याला बाजार समितीच्या रस्त्यावर गाळा घेण्याचे घरात घाटत असते. "साहेब, पिकाचा भरवसा नाही. गाळ्याचे भाडे तरी दर महिन्याला येईल," असे म्हणतात. विचार वाईट नाही. मात्र गाळ्याची किंमत आणि येणारे भाडे एवढ्याच दोन गोष्टी पाहून व्यवहार ठरतो, आणि तिसरी गोष्ट, म्हणजे कर्जाचे व्याज, हे एकदा ठरले की कायमचे ठरले असे समजले जाते. गफलत होते ती येथे.

गाळ्यासाठी मिळणारे कर्ज बहुधा बदलत्या व्याजदराचे असते. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्प मुदतीसाठी पैसे देते त्याला रेपो दर म्हणतात. हा दर हलला की बँकांचे दर आज ना उद्या हलतात. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, रेपो दर ४ टक्क्यांवर आणला होता. कर्ज स्वस्त झाले आणि पुष्कळांनी त्या दोन वर्षांत गाळे घेतले. पुढे युक्रेनचे युद्ध पेटले, तेल आणि धान्य कडाडले, एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. महागाई आवरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने मे २०२२ पासून दर चढवत नेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ६.५० टक्के झाला. म्हणजे नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के वाढ! पुढे दोन वर्षे तो तेथेच राहिला. फेब्रुवारी २०२५ पासून उतरत तो डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ टक्के झाला.

अडीच टक्के ऐकायला थोडे वाटतात. पाटी-पेन्सिल घेऊन बसू या. समजा गाळा २५ लाखांचा. १० लाख घरचे, १५ लाख कर्ज, मुदत १५ वर्षे, व्याज ९ टक्के. हप्ता येतो सुमारे १५,२१४ रुपये. भाडे धरा १०,००० रुपये. पहिल्याच महिन्यात नुसते व्याज ११,२५० रुपये होते, म्हणजे भाड्यातून व्याजही निघत नाही. उरलेले ५,२१४ रुपये दर महिन्याला शेतीतून घालायचे. आता व्याज साडेअकरा टक्के झाले की हप्ता होतो सुमारे १७,५२३ रुपये, आणि शेतीतून घालायचे ७,५२३. वर्षाचे नव्वद हजार झाले. यात गाळा दोन महिने रिकामा राहिला, घरपट्टी आली, शटर बिघडले, हे धरलेलेच नाही. हप्ता दर महिन्याला असतो आणि आपला पैसा हंगामाला येतो, हेही ध्यानात असू द्यावे.

"आमचा हप्ता तर वाढलाच नाही," असे काहीजण सांगतात. त्यांनी जास्त जपावे. अशा वेळी बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवलेली असू शकते. वरच्याच उदाहरणात सुरुवातीलाच दर साडेअकरा झाला आणि हप्ता १५,२१४ च ठेवला, तर १५ वर्षांचे कर्ज फिटायला २५ वर्षांहून अधिक काळ लागतो. बापाने घेतलेला गाळा फेडायला मुलगा लागतो, तो असा.

व्याजाचा परिणाम गाळ्याच्या किमतीवरही होतो. वर्षाला १ लाख २० हजार भाडे देणारा गाळा घ्या. मुदत ठेवीवर ५ टक्के मिळत असतील तर तेवढ्या उत्पन्नासाठी २४ लाख गुंतवावे लागतात, साडेसात टक्के मिळू लागले की १६ लाखांतच काम होते. म्हणून ठेवीचे दर चढले की शहाणा गिऱ्हाईक गाळ्याला पूर्वीची किंमत देत नाही. आपल्याकडे गंमत अशी, की दलाल भाव मात्र उतरवून सांगत नाही. तो जुनाच आकडा सांगतो आणि गाळा वर्ष वर्ष विकला जात नाही. अडचणीच्या वेळी चार एकरांतले एक एकर विकता येते, गाळ्याचा कोपरा विकता येत नाही.

माझ्या मते याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. तालुक्याच्या गाळ्यात भाडेकरू कोण असतो? कृषी सेवा केंद्र, कापडाचे दुकान, मोटारसायकलचे गॅरेज, भांड्यांचे दुकान. यांचे गिऱ्हाईक आपणच. पाऊस दडी मारतो किंवा सोयाबीन पडत्या भावाने जाते, तेव्हा यांचीही उधारी थकते आणि पहिले थकते ते भाडे. पिकाला आधार म्हणून घेतलेला गाळा पिकाबरोबरच बसतो. उलट जेव्हा कांदा-टोमॅटो चढतात तेव्हा महागाईचा आकडा फुगतो आणि रिझर्व्ह बँक व्याज उतरवायला कचरते. २०२३ च्या जुलैत टोमॅटो भडकले, ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले, डिसेंबरात निर्यातबंदी आली, आणि व्याजदर होता तेथेच राहिला. कांदेवाल्याच्या हातचा भाव गेला आणि गाळ्याचा हप्ताही उतरला नाही.

ज्याला घ्यायचाच आहे त्याने हप्त्याचा निम्म्याहून अधिक भाग भाड्यातून निघतो का, आणि व्याज दोन-अडीच टक्के वाढले, शिवाय गाळा सहा महिने रिकामा राहिला, तरी घर चालेल का, हे घरच्या माणसांना, विशेषतः घरखर्च सांभाळणाऱ्या बाईला, समोर बसवून पाहावे. निकड नसेल तर मी तरी आधी विहीर, ठिबक आणि कांदाचाळ यांचा विचार करीन. आणखी एक कळकळीची सूचना: हप्ता भरण्यासाठी पीककर्जाची उचल वापरू नये. सरकारी सवलतीमुळे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळते आणि वेळेत फेडले तर ते ४ टक्क्यांवर येते. गाळ्यापायी ते थकले की ही सवलत जाते आणि पुढच्या हंगामाला सोसायटीचे दारही बंद होते.

ज्यांनी आधीच घेतला आहे त्यांनी बँकेत जाऊन कर्जखात्याचा उतारा मागावा. त्यावर सध्याचा व्याजदर आणि उरलेले हप्ते किती हे पाहावे. रेपो दर उतरूनही आपला दर उतरला नसेल तर तो कशाशी जोडला आहे आणि पुन्हा कोणत्या तारखेला बदलणार, हे लेखी विचारावे. मुदत वाढलेली आढळली तर हप्ता थोडा वाढवून घ्यावा, किंवा या हंगामाच्या पट्टीतून काही रक्कम मुद्दलात भरावी, आणि भरताना ती मुद्दलातच जमा करा असे अर्जात स्पष्ट लिहावे.