मोरचूद, शेवाळ आणि निळे डाग

साखळीच्या कुळागरांना मोरचूद नवे नाही. पोफळीला कोळेरोग लागू नये म्हणून १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचुदात तांबे असते. चुन्याने आम्लता गेली की विरघळलेले तांबे पाण्यातून सुटते आणि घडांना चिकटून राहते.

घरच्या जलतरण तलावात शेवाळासाठी घातलेले तांबेही असेच वागते. पाण्याचा पीएच चढला की भिंतींवर निळे-हिरवे डाग पडतात. पांढऱ्या केसांना हिरवी झाक येते तीही तांब्यानेच, क्लोरीनने नव्हे. तपकिरी डाग मात्र बहुधा विहिरीच्या पाण्यातील लोहाचा. क जीवनसत्त्वाची गोळी घासून तो चटकन फिकटला, तर लोहच समजा.

क्लोरीन उन्हाने उडून जाते. तांबे साचत राहते. आम्लाने डाग काढला तरी ते पुन्हा पाण्यातच उतरते. असे पाणी व्हाळातून वाळवंटीत गेले तर माशांना घातक. म्हणून पीएच ७.२ ते ७.६ ठेवावा, भिंती नियमित घासाव्यात, क्लोरीन पुरेसे ठेवावे. मग मोरचूद कुळागरातच राहील.