अख्खी पृथ्वी एका छायाचित्रात

पृथ्वीचा संपूर्ण गोल एका छायाचित्रात यायचा असेल, तर दोन गोष्टी जुळाव्या लागतात. कॅमेरा पुरेसा लांब हवा आणि सूर्य त्याच्या पाठीमागे हवा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. तिथून एका वेळी पृष्ठभागाचा जेमतेम तीन टक्के भाग दिसतो. क्षितिजाची गोलाई कळते, पण गोल दिसत नाही. तीस हजार किलोमीटरांवर गेल्यावर हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या पुढे जाते. आणि सूर्य बाजूला असला, तर कितीही लांब गेले तरी चंद्रासारखी कलेकलेची पृथ्वीच दिसते.

अवकाशातून पृथ्वी टिपण्याचा पहिला प्रयत्न २४ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झाला. अमेरिकेने जर्मनीकडून हस्तगत केलेल्या व्ही-२ रॉकेटवर चित्रपटाचा कॅमेरा बसवला होता. रॉकेट शंभराहून थोडे अधिक किलोमीटर वर जाऊन जमिनीवर आदळले. पोलादी डबीतली फिल्म तेवढी वाचली. १९६६मध्ये लूनर ऑर्बिटर-१ या मानवरहित यानाने चंद्राजवळून कृष्णधवल पृथ्वी टिपली. त्याच वर्षी स्टुअर्ट ब्रँड या अमेरिकी तरुणाने, अख्ख्या पृथ्वीचा फोटो अजून का दिसला नाही, असे विचारणारे बिल्ले वाटायला सुरुवात केली होती. १९६७ साली एटीएस-३ या भूस्थिर उपग्रहाने गोलाचे रंगीत चित्र पाठवले, आणि ब्रँडने पुढच्या वर्षी ते आपल्या ‘होल अर्थ कॅटलॉग’च्या मुखपृष्ठावर छापले.

तोवरची ही सारी चित्रे यंत्रांनी काढलेली होती. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ चंद्राभोवती चौथी फेरी मारत असताना अंतराळवीर बिल अँडर्स यांना चंद्राच्या कडेमागून वर येणारी पृथ्वी दिसली. चंद्राचा पृष्ठभाग टिपणे हे त्यांचे ठरलेले काम होते; पृथ्वीचा हा फोटो त्या यादीत नव्हता. रंगीत फिल्म घाईने मागवून त्यांनी तो घेतला. ‘अर्थराइज’ नावाने तो जगभर गेला. त्यात पृथ्वी मात्र पूर्ण नाही, तिची एक बाजू अंधारात आहे.

पूर्ण उजळलेली पृथ्वी माणसाच्या हाती आली ती ७ डिसेंबर १९७२ रोजी. यूजीन सर्नन, रोनाल्ड इव्हान्स आणि हॅरिसन श्मिट यांना घेऊन अपोलो १७ मध्यरात्रीनंतर फ्लोरिडाहून निघाले होते. पाचेक तासांनी, पृथ्वीपासून सुमारे २९,००० किलोमीटरांवर, सूर्य यानाच्या जवळजवळ बरोबर मागे होता. हॅसलब्लाड कॅमेऱ्याने त्या वेळी टिपलेले चित्र म्हणजे ‘ब्लू मार्बल’. बटण नेमके कोणी दाबले, यावर पुढे दुमत झाले. नासा श्रेय तिघांनाही देते.

हे चित्र निरखून पाहण्यासारखे आहे. आफ्रिका जवळपास सगळी दिसते. वर अरबस्तान, उजवीकडे मादागास्कर. डिसेंबर म्हणजे दक्षिण गोलार्धातला उन्हाळा, त्यामुळे अंटार्क्टिकाचा बर्फ लख्ख प्रकाशात आहे. वरच्या उजव्या कडेजवळ ढगांचा एक भोवरा आहे. त्याच आठवड्यात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कडलूरजवळ धडकलेले हे चक्रीवादळ. मूळ चौकटीत दक्षिण ध्रुव वर होता. नकाशाची सवय झालेल्या डोळ्यांसाठी छापताना चित्र फिरवले गेले.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी लावून धरल्यामुळे, व्हॉयेजर-१ या यानाने सुमारे सहाशे कोटी किलोमीटरांवरून मागे वळून पाहिले. तिथून पृथ्वी एका पिक्सेलपेक्षाही लहान दिसली. २००२ सालचे, तितकेच प्रसिद्ध झालेले ‘ब्लू मार्बल’ मात्र वेगळ्या जातीचे आहे: कित्येक दिवसांच्या उपग्रह-निरीक्षणांचे तुकडे जोडून ते तयार केले आहे. ते सुंदर आहे आणि उपयोगीही, पण एका क्षणाचा दस्तऐवज म्हणून १९७२च्या फोटोशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही.

२०१५पासून डिस्कव्हर हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरांवर, सूर्याच्या दिशेच्या एल-१ बिंदूजवळ आहे.  तिथून सूर्य सदैव पाठीशी असल्याने डिस्कव्हरच्या कॅमेऱ्याला पृथ्वी नेहमी उजळलेलीच दिसते. लाल, हिरवा आणि निळा अशा तीन गाळण्यांतून काही सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या प्रतिमा एकत्र करून त्याचे रंगीत चित्र बनते. जुलै २०१५मध्ये चंद्र पृथ्वीसमोरून गेला, तेव्हा तीन प्रतिमांच्या दरम्यान तो किंचित सरकला आणि चित्रात त्याच्या कडेला रंगीत किनार उमटली.