शिफ्ट बदलते, भट्टी चालू राहते: सर्व्हरवर टीमक्स

मागच्या भागात आपण एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायला शिकलो. त्यावर सर्वांत जास्त आलेला प्रश्न असा: "रात्री प्रोग्राम चालू करून झोपलो, सकाळी पाहतो तर बंद. असं का?"

समजा, तुम्ही भिलाईत आहात. इथे आयआयटी आहे, पण मोठं गणित चालवायला तुमच्या गाइडने पुण्यातल्या एका सर्व्हरवर खातं काढून दिलंय. चौदा तासांचं काम लावलं आणि बाराव्या तासाला घरचं वायफाय गेलं. सर्व्हरला काहीच झालेलं नाही, तो पुण्यात मजेत चालू आहे. तरीही तुमचा प्रोग्राम मेला.

कारण जुनं आहे. पूर्वी टर्मिनल टेलिफोनच्या लाइनवरून मोठ्या संगणकाला जोडत. लाइन तुटली की संगणक समजे, माणसाने फोन ठेवला. मग त्या टर्मिनलवरच्या सगळ्या प्रोग्रामना तो 'हँगअप' नावाचा सिग्नल पाठवी. हा सिग्नल मिळाला की बहुतेक प्रोग्राम गाशा गुंडाळतात. फोन गेला, मोडेम गेले, सिग्नल आजही तोच आहे.

उपाय भिलाईकरांना वेगळा सांगायला नको. स्टील प्लांटची पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९ मध्ये सुरू झाली. शिफ्ट सुटली म्हणून तिथे भट्टी विझवत नाहीत. माणसं घरी जातात, पुढची येतात, भट्टी तिच्या जागी धगधगत असते. आपल्या प्रोग्रामचंही तसंच हवं. त्याचं टर्मिनल तुमच्या लॅपटॉपवर अवलंबून न राहता सर्व्हरवरच राहायला हवं.

हे काम करणारा जुना प्रोग्राम म्हणजे 'स्क्रीन', १९८७ चा. २००७ मध्ये 'टीमक्स' आला, स्पेलिंग टी-एम-यू-एक्स. मी टीमक्सच सुचवतो. पण सर्व्हरवर स्क्रीनच असेल तर तोही चालेल, अडून बसू नका.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितो. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा, 'वजा' म्हणजे वजाचं चिन्ह.

आधी सर्व्हरवर लॉगिन करा, मग 'टीमक्स न्यू वजा एस' आणि पुढे एखादं नाव, उदाहरणार्थ 'काम'. हा क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण टीमक्स स्वतःच्या लॅपटॉपवर उघडतात आणि त्यातून एसएसएच करतात. वायफाय गेलं की पुन्हा तेच रडगाणं.

आता प्रोग्राम चालू करा. बाहेर पडायला कंट्रोल आणि बी एकत्र दाबा, सोडा, मग नुसतं डी. खुशाल लॅपटॉप बंद करा. परत आल्यावर 'टीमक्स एलएस' केलं की चालू सेशनची यादी दिसते. 'टीमक्स अटॅच वजा टी काम' म्हटलं की होतं तिथे हजर. आणि वायफाय अचानक गेलं तर? डी दाबायचं राहिलं तरी बिघडत नाही, सेशन टिकतंच.

दोन गोष्टी मात्र जपा. टीमक्स मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीच्या मागच्या २००० ओळीच लक्षात ठेवतो, म्हणून प्रोग्रामचं आउटपुट फाइलमध्येही लिहा. आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला तर टीमक्सही जातो. लांबच्या कामात अधूनमधून निकाल सेव्ह करणं तुमच्याच हातात.

सुपरकॉम्प्युटरवर, म्हणजे पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म'सारख्या यंत्रावर खातं असेल, तर आणखी एक. लॉगिन करून आपण ज्या मशीनवर उतरतो ती लॉगिन नोड, सगळ्यांच्या सामाईक ओसरीसारखी. तिथे टीमक्समध्ये जड गणित लावू नका. ॲडमिन ते मारून टाकतात, आणि बरोबरच करतात. गणित रांगेत जॉब म्हणून द्या. जॉबला तुमच्या टर्मिनलची गरजच नसते. टीमक्स तिथे फाइल संपादन, कंपाइल, लॉग पाहणं यासाठी ठेवा. लॉगिन नोड एकाहून जास्त असतील तर 'होस्टनेम' कमांड देऊन नाव टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नोडवर उतरलात तर यादी रिकामी दिसेल आणि उगाच धाबं दणाणेल. सेशन आधीच्या नोडवर असतं.

आणि टीमक्सशिवायच काम सुरू करून बसला असाल तर? बॅशमध्ये कंट्रोल-झेड, मग 'बीजी', मग 'डिसओन'. प्रोग्राम बहुधा वाचेल, पण त्याचा पडदा परत मिळणार नाही.