बाभळीच्या सालीतले फिनॉल कसे ओळखतात?

फिनॉलिक संयुग: बेंझीनच्या कड्याला हायड्रॉक्सिल गट थेट जोडलेले संयुग. टॅनिन ही यांतली मोठी, गुंतागुंतीची मंडळी. सालीचा तुरटपणा त्यांचाच, आणि कातडे कमावण्याचा गुणही. कोल्हापुरी चपलेचे कातडे पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात.

अर्क: वाळलेल्या सालीची भुकटी पाणीमिश्रित मिथेनॉल, इथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवतात. द्रावक बदलला की अर्कात उतरणारे घटकही बदलतात.

रंगाच्या चाचण्या
• फेरिक क्लोराइड: निळा-काळा रंग आल्यास हायड्रोलायझेबल, म्हणजे पाण्याच्या अभिक्रियेने तुटणारे टॅनिन (हिरड्यातले), हिरवट आल्यास कंडेन्स्ड, म्हणजे तसे न तुटणारे. दोन्ही असतील तर रंग फसवतो.
• ब्युटेनॉल व हायड्रोक्लोरिक आम्लात तापवणे: लाल रंग ही कंडेन्स्ड टॅनिनची खूण.
• जिलेटिनचे द्रावण: टॅनिन असल्यास अवक्षेप.

एकूण प्रमाण: फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मक (१९२७). फिनॉलमुळे येणाऱ्या निळ्या रंगाची तीव्रता साधारण ७६५ नॅनोमीटरवर मोजतात. उत्तर गॅलिक आम्लाच्या तुलनेत देतात. क जीवनसत्त्वही हा रंग देते, त्यामुळे आकडा फुगू शकतो.

नेमकी ओळख: एचपीएलसी (द्रव क्रोमॅटोग्राफी) यंत्रात घटक वेगळे होऊन एकेक बाहेर पडतात. बाहेर पडण्याची वेळ शुद्ध नमुन्याशी ताडून पाहतात. तेवढ्याने ओळख पक्की होत नाही. म्हणून मास स्पेक्ट्रोमीटर जोडतात. ऋण आयन पद्धतीत गॅलिक आम्ल वस्तुमान-प्रभार गुणोत्तर (m/z) १६९ वर दिसते, कॅटेचिन २८९ वर. एपिकॅटेचिनही २८९ वरच दिसते. या दोघांना वेगळे ओळखायला पुन्हा बाहेर पडण्याची वेळच पाहावी लागते.