रोहतीचे कूळ

रोहती हा शब्द घरातल्या कोशात सापडेलच असे नाही. मत्स्यशास्त्राच्या सूचीत मात्र तो पक्का बसला आहे, आणि तोही एका अख्ख्या प्रजातीचे नाव म्हणून! एरवी तिथे ग्रीक-लॅटिनचे राज्य.

हे घडवले कर्नल साइक्स नावाच्या साहेबाने. मुंबई सरकारने १८२४ साली त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमले. पिके, माणसे, पाऊस मोजता मोजता हा गृहस्थ भीमेच्या डोहांपाशीही रमला. १८३९ साली त्याचा माशांवरचा निबंध लंडनला छापून आला. नावे काय ठेवली म्हणता? भोयांनी सांगितली ती! नुक्ता, शिंगटी, खुद्री. आणि एका नव्या प्रजातीला ‘रोहती’. तिच्यातल्या एका माशाला ओगिल्बी या विद्वानाचे नाव जोडून तो झाला ‘रोहती ओगिल्बिआय’. मासा चपटा, चंदेरी, लांबी सुमारे १५ सेंटिमीटर.

पुढे फ्रान्सिस डे याने या कुळात बरेच नातेवाईक आणून बसवले. मग वाटण्या सुरू झाल्या! ओगिल्बिआयच्या पाठीवरच्या पराच्या पुढे एक आडवा काटा असतो, तोंडाच्या दिशेने रोखलेला. इतरांना तो नाही. तेवढ्यावरून बाकीचे ‘ऑस्टिओब्रामा’ या शेजारच्या प्रजातीत गेले. साइक्सचाच ‘विगोर्सी’सुद्धा तिकडे नांदतो आहे. आता रोहतीच्या घरात एकटा ओगिल्बिआय. पण शास्त्राचा नियम असा, की प्रजातीचे नाव तिच्या मूळ नमुना-जातीला सोडत नाही. म्हणून माणसे गेली तरी दारावरची पाटी मराठीच राहिली.

हा मासा कृष्णा-गोदावरीच्या पाण्यातला. आमच्या हिंगोलीची पूर्णा, कयाधू, पैनगंगा अखेर गोदावरीलाच मिळतात. पण सिद्धेश्वर नि इसापूर धरणांच्या या जिल्ह्यात आज मुलांना विचारा: रोहू ठाऊक, कटला ठाऊक. रोहती म्हटले की म्हणतात, “रोहूच ना?” अहो, रोहू मूळचा गंगेकडचा, इथे बीज सोडून वाढवलेला!

आणखी एक गंमत. साइक्सने नाव रोमन लिपीत लिहिले. त्या लिपीत ‘त’ काय नि ‘ट’ काय, सारखेच. तेव्हा मूळचे रोहती की रोहटी? जुन्या भोयांना मी विचारत असतो. परवा एक म्हातारबाबा जाळे विणता विणता म्हणाले, “बाजारात समदे दर इचारतात, नाव इचारणारे तुमीच. मासा घेऊन या, मंग सांगतो.”

मासा अजून मिळालेला नाही. बाबांचे वय ऐंशीच्या पुढे आहे.