जुन्या व्हिडिओ गेमवर जीपीएस चालते. पण धुरा ठरवायला नाही

तलमडुगु (जि. आदिलाबाद) : पोरांनी खेळून टाकून दिलेला पीएसपीसारखा हातातला व्हिडिओ गेम घरात असेल, तर काही शे रुपयांचे जीपीएस मॉड्यूल जोडून त्याच्या पडद्यावर आपण कुठे उभे आहोत हे पाहता येते. त्याला सिम लागत नाही की इंटरनेट. मात्र तो आकडा पाहून शेताचा धुरा सरकवायला गेलात, तर शेजाऱ्याशी भांडण पक्के. असे का, ते समजून घेऊ.

आकाशातून काय येते?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. वेळ किती आणि आपण कुठे, एवढाच निरोप ते सतत पाठवतात. रिसीव्हर फक्त ऐकतो. निरोप यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघते आणि चार उपग्रह सापडले की जागा ठरते. सीमेवर मोबाइल कधी या राज्याचा टॉवर पकडतो, कधी त्या राज्याचा. जीपीएसला टॉवरशी देणेघेणे नाही.

जोडणी कशी होते?

सोनी कंपनीने डिसेंबर २००६ मध्ये जपानात पीएसपीसाठी स्वतःचा जीपीएस रिसीव्हर आणला होता. हौशी लोक तेच काम घरी करतात. मॉड्यूलला मुख्य चार तारा असतात : पॉवर, ग्राउंड, माहिती पाठवणारी आणि माहिती घेणारी. पीएसपीच्या हेडफोनजवळ रिमोटचे सॉकेट असते, त्यात सिरियल पिना आहेत. मॉड्यूलची पाठवणारी तार गेमच्या घेणाऱ्या पिनेला लावायची. दोन्हीकडे वेग सारखा हवा. बऱ्याच मॉड्यूलमध्ये तो ९६०० असतो. व्होल्टेज मात्र दोघांचा वेगळा असू शकतो. आधी मीटर लावून पाहा, नाहीतर गेम जळेल.

गेममधले मूळ सॉफ्टवेअर ही माहिती वाचत नाही. त्यासाठी हौशी मंडळींनी लिहिलेला वेगळा प्रोग्राम टाकावा लागतो. नकाशाही मेमरी स्टिकवर आधीच भरून ठेवावा लागतो.

इथे हमखास चुकते

मॉड्यूल साध्या अक्षरांच्या ओळी पाठवते, मधे स्वल्पविराम. आदिलाबाद शहरात ओळीत साधारण १९४०.२ उत्तर आणि ०७८३१.८ पूर्व असे आकडे दिसतील. पहिल्याचा अर्थ १९ अंश ४० मिनिटे. मिनिटांना ६० ने भागले की १९.६७ अंश होतात. हे न करता कोणी सरळ १९.४० वाचले, तर नकाशावरचा ठिपका जवळपास ३० किलोमीटर दक्षिणेला, इचोड्याच्या बाजूला जातो. मॉड्यूल बरोबर असते, वाचणारा चुकतो.

मग धुऱ्याचे काय?

मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडत असे. आता तसे नाही, तरी साध्या मॉड्यूलला मोकळ्या आकाशाखाली ३ ते ५ मीटर चूक होतेच. झाडाखाली, टिनाच्या शेडजवळ आणखी. वावराची १०० मीटर लांब बाजू ५ मीटर सरकली, की ५०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ५ गुंठे जमीन इकडची तिकडे. एकराचे ४० गुंठे, हा हिशोब दोन्ही राज्यांत सारखाच.

मोबाइलमधल्या मोजणीच्या ॲपचीही हीच गत आहे. सरकारी मोजणीत वापरतात तो रोव्हर जमिनीवरच्या पक्क्या केंद्राकडून दुरुस्ती घेतो, म्हणून त्याची चूक काही सेंटिमीटरवर येते. त्यामुळे धुऱ्याचा वाद असेल तर महाराष्ट्रात तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे आणि तेलंगणात मंडलाच्या सर्व्हेअरकडे अर्ज करावा. बोअरची जागा, शेतरस्ता, रानातली वाट ध्यानात ठेवायला मात्र घरचे जीपीएस पुरेसे आहे.